मेडनच्या वारीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी २८ जून २०२५ च्या संध्याकाळबद्दल लिहिलं होतं. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडने पन्नाशीच्या दौऱ्यात पूर्व लंडनमधल्या लंडन स्टेडियमवर कार्यक्रम केला आणि तो ऐकायला मी मुंबईहून गेलो. माझा व्यवसाय नाटकांना साउंड देण्याचा. त्यामुळे बऱ्याच वाचकांनी आवाजाबद्दल विचारलं आहे, काहींनी खर्चाबद्दल आणि एकीने आपल्या मुलीच्या काळजीपोटी. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

सांगलीचे एक शिक्षक लिहितात: माझ्याकडे त्यांच्या १९८२ च्या अल्बमची कॅसेट होती, पट्टी तुटेपर्यंत ऐकली. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन आता पासष्टीच्या पुढचा. तो वरचा आवाज अजून लागतो का? की केवळ आठवणींसाठी एवढा खर्च करायचा?

सर, लागतो. पण तुमच्या कॅसेटवर लागलाय तसा नाही, आणि तसा लागावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आधी काही गोष्टी लक्षात घ्या. २०१४ च्या अखेरीस डिकिन्सनच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग आढळला. केमोथेरपी झाली, रेडिएशन झालं आणि २०१५ च्या मे महिन्यात तो त्यातून बाहेर आल्याचं जाहीर झालं. घशाला रेडिएशन दिलं की लाळ कमी होते, घसा कोरडा पडतो. गाणाऱ्या माणसाला याहून वाईट काय असेल? त्यानंतर दहा वर्षांनी हा माणूस उघड्या स्टेडियममध्ये, जूनच्या उन्हात, सुमारे दोन तास गातो. नुसता गात नाही, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, वेश बदलून येतो.

मी सवयीने श्वास ऐकतो. नाटकात नटाचा श्वास ऐकल्याशिवाय माइकची पातळी धरता येत नाही. डिकिन्सन ओळीच्या मधे कुठेही श्वास तोडत नव्हता. लांब ओळ असली की आधीच्या शब्दावर थोडा थांबून पुरेशी हवा घ्यायचा आणि ओळ शेवटपर्यंत न्यायचा. सर्वात वरच्या काही जागा त्याने आखूड केल्या, काही लोकांकडे सोपवल्या. मधल्या पट्टीत मात्र आवाजाला आता जे वजन आलंय, ते तुमच्या कॅसेटवर नाही.

आपल्याकडे संगीत नाटकाचा नट वय वाढलं की पट्टी उतरवतो, ऑर्गनवाला त्याप्रमाणे वाजवतो आणि वन्समोअर तरीही मिळतो. त्यात कुणी कमीपणा मानत नाही. रॉकमध्येही अनेक जुने बँड गिटारच्या तारा अर्धा स्वर उतरवून लावतात. मग काही श्रोते घरी येऊन रेकॉर्डशी ताडून बघतात आणि फसवणूक झाल्यासारखं बोलतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या अल्बमच्या शेवटी फाशीची वाट बघणाऱ्या कैद्याचं गाणं आहे, ते तुम्हाला पाठच असेल. शब्द आणि चाल बेसवादक स्टीव्ह हॅरिसची. ते गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा डिकिन्सन तेवीस वर्षांचा होता. तेवीसाव्या वर्षी मृत्यू ही कल्पना असते. लंडनला त्याच ओळी मी अशा माणसाच्या तोंडून ऐकल्या, ज्याला डॉक्टरांनी समोर बसवून निदान सांगितलेलं आहे. सुरुवातीच्या संथ ओळी त्याने जवळजवळ बोलल्यासारख्या म्हटल्या. वरचा स्वर लागला का, हे बघायचं मला तिथे सुचलंच नाही. तुम्ही मला खर्चाचं कारण विचारलंत, तर माझं कारण हे होतं. रेकॉर्ड घरी आहेच. आज हा माणूस ते गाणं कसं गातो, हे कुठल्याच रेकॉर्डवर नाही.

नाशिकहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी: ड्रमवादक निको मॅकब्रेन नसताना त्याला आयर्न मेडन म्हणायचं का? पन्नास वर्षांपूर्वीचे किती जण उरलेत?

पहिल्या दिवसापासून आहे तो एकटा स्टीव्ह हॅरिस. १९७५ च्या नाताळात त्यानेच बँड काढला. गिटारवादक डेव्ह मरे वर्षभराने आला. बँडच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर आहेत ते हे दोघेच. डिकिन्सन १९८१ चा, त्याच्या आधी पॉल डियानो गायचा. पहिले दोन अल्बम त्याचे. डियानो २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. पहिल्या तीन अल्बमवर ड्रम वाजवणारा क्लाइव्ह बर २०१३ मध्येच गेला होता. म्हणजे ज्या निकोला तू मूळचा समजतोस, तोही आधी नवाच होता.

निकोची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. २०२३ च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा तो सत्तरीचा होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो दौऱ्यावर परत उभा राहिला. हात पूर्वीसारखे चालत नव्हते, काही जलद जागा त्याने सोप्या करून घेतल्या. आणि मग ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलमधल्या साओ पावलोचा कार्यक्रम करून त्याने दौरे थांबवले. इतक्या शांतपणे, इतक्या मानाने जागा सोडणारे कलावंत मी फार थोडे पाहिलेत.

त्याच्या जागी सायमन डॉसन आला. स्टीव्ह हॅरिसचा ब्रिटिश लायन नावाचा दुसरा बँड आहे, त्यात तो वाजवायचा. पन्नाशीचा दौरा २७ मे २०२५ ला बुडापेस्टला सुरू झाला, म्हणजे तयारीला काही महिनेच मिळाले. आम्ही नाटकवाले याला रिप्लेसमेंट म्हणतो. चांगल्या रिप्लेसमेंटची खूण अशी की तो आधीच्या नटाची नक्कल करत नाही आणि समोरच्याची लय बिघडूही देत नाही. लंडनला काही गाणी मला निकोच्या काळापेक्षा किंचित सावकाश वाटली. त्याचा फायदा बेसला झाला. हॅरिस प्लेक्ट्रम वापरत नाही, बोटांनी वाजवतो, आणि घोड्याच्या टापांसारखी ती त्याची तिहेरी चाल मला एकेक स्वर सुटा ऐकू आली. हे मत माझ्या कानांचं आहे. माझ्याबरोबर आलेल्या भाचीला निकोचा भर्रकन जाणारा हातच हवा होता आणि ती तसं परतीच्या गाडीत तासभर सांगत होती.

तेव्हा हो, आयर्न मेडनच म्हणायचं.

ठाण्याच्या एक वाचक: मुलगी सोळा वर्षांची आहे. अशा कार्यक्रमांना जायचं म्हणते. कानांचं काय? आणि गर्दीत कुठे उभं राहायचं?

ताई, कानांबद्दल विचारलंत म्हणून मी हे उत्तर लांबवणार आहे. आमच्या व्यवसायात चाळिशीतच कानात शिट्टी वाजायला लागलेले लोक मी रोज भेटतो. ती शिट्टी एकदा लागली की सहसा जात नाही.

१०० डेसिबलचा आवाज उघड्या कानांनी ऐकायचा तर सुरक्षित वेळ साधारण पंधरा मिनिटांचीच. तीन डेसिबल वाढले की ती निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मानकं दिली, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. जोडीला श्रोत्यांना इअरप्लग उपलब्ध असावेत आणि मधून मधून कान निवतील अशी शांत जागा असावी, हेही सांगितलंय. मर्यादा पाळली गेली तरी दोन-तीन तास उघड्या कानांनी उभं राहणं चांगलं नाहीच.

मुलीला संगीतासाठी बनवलेले इअरप्लग घेऊन द्या. कारखान्यात वापरतात ते फोमचे बोळे वरचे स्वर जास्त कापतात, मग झांजा आणि शब्द मातीत गेल्यासारखे वाटतात, आणि मुलं ते काढून टाकतात. संगीताच्या प्लगमध्ये गाळणी असते, ती सगळे स्वर सारखेच खाली आणते. घरी स्पीकरवर गाणं लावून ते घालायची सवय करून घ्या. आणि पहिलं गाणं सुरू होण्याआधी घालायचे, कान दुखल्यावर नाही.

कुठे उभं राहायचं? मैदानात मधोमध साउंडचा कन्सोल असतो. त्याच्या आसपास. जो माणूस सगळा आवाज जुळवतोय, तो तिथे उभा राहून जुळवतोय. त्याच्या कानाला जे बरोबर वाटतं ते त्या पट्ट्यात सर्वात खरं ऐकू येतं. अगदी पुढे कठड्याला लागलं तर गिटारवाल्यांचे चेहरे दिसतात, पण बेस पोटात बसतो आणि गाणाऱ्याचा आवाज डोक्यावरून जातो. फार मागे गेलं तर वेगळीच गंमत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदाहून उशिरा पोचतो. म्हणून मोठ्या मैदानांत मधे मधे स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, म्हणजे मंचाकडून येणाऱ्या आवाजाशी तो जुळतो. लंडनला हे काम इतकं सफाईदार होतं की मी काही वेळ मंचाकडे पाठ करून नुसते मनोरे ऐकले.

गर्दीबद्दल: मेटलच्या गर्दीला लोक उगाच घाबरतात. मंचाजवळच्या गर्दीत एकमेकांना धक्के देत गोल फिरणारी टोळकी असतात, त्यांच्यापासून दूर राहता येतं. कुणी पडलं तर चार हात उचलायला येतात, हे मी मुंबईत आणि लंडनमध्ये दोन्हीकडे पाहिलंय. पाणी पीत राहायला सांगा, पायात सवयीचे जुने बूट घालायला सांगा. तिकिटावर उभ्या जागेसाठी वयाची अट छापलेली असते, ती आधी वाचा. पहिल्या वेळेला तुम्ही बरोबर जा. तुम्हालाही आवडेल असा माझा अंदाज आहे.

सोलापूरहून: खर्च आणि व्हिसा?

थोडक्यात सांगतो. ब्रिटनचा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा मी गेलो तेव्हा, २०२५ मध्ये, १२७ पौंडांचा होता. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांहून लवकर अर्ज करता येत नाही आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. गोम इथेच आहे. हा दौरा सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला, कार्यक्रम पुढच्या जूनमधला. म्हणजे तिकीट आधी काढायचं आणि व्हिसा कित्येक महिन्यांनी. म्हणून तिकीट बँडच्या संकेतस्थळावरून दिलेल्या अधिकृत विक्रीतूनच घ्या, म्हणजे जाता आलं नाही तर अधिकृत मार्गाने परत विकायची सोय राहते का ते तिथेच तपासता येतं. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर.

राहायला मी किंग्सबरीला मावसबहिणीकडे होतो. तिथून ज्युबिली लाइनची गाडी थेट स्ट्रॅटफर्डला जाते, गाडी बदलावी लागत नाही. डॉलिस हिल याच लाइनवर आहे. तिथे महाराष्ट्र मंडळ लंडन आहे, १९३२ पासूनचं, त्यामुळे त्या बाजूला कुणा ना कुणा मराठी माणसाची ओळख निघते. कुणी नसेल तर ईस्ट हॅम किंवा इलफर्ड बघा: स्टेडियम जवळ, आणि डोसा, पोळी, वरण सगळं मिळतं.

कर्ज काढून जाऊ नका. आता जुने बँड आपल्याकडेही येतात. यू टू १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेले, गन्स अँड रोझेस १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने येऊन ऐकता येण्यासारखं आहे हे.

पुण्याचे एक वाचक: तुम्ही लिहिलंत की दौऱ्यातला लंडनचाच कार्यक्रम निवडला. बुडापेस्ट किंवा जर्मनी चाललं नसतं का?

चाललं असतं. गाणी तीच, माणसं तीच. पण हा बँड पूर्व लंडनचा आहे आणि मला तो त्याच्या गावात ऐकायचा होता.

स्टीव्ह हॅरिस लेटनस्टोनचा. पोरवयात तो वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल क्लबच्या युवा संघात सराव करायचा, नंतर ड्राफ्ट्समनचं काम शिकायला लागला. आजही त्याच्या बेस गिटारवर वेस्ट हॅमचं चिन्ह असतं. आणि लंडन स्टेडियम हे २०१२ च्या ऑलिंपिकचं मैदान, २०१६ पासून वेस्ट हॅमचं घर. म्हणजे ज्या क्लबसाठी खेळायचं त्याचं लहानपणी स्वप्न होतं, त्याच क्लबच्या मैदानावर एकोणसत्तराव्या वर्षी तो बेस घेऊन उतरला. हे मला बुडापेस्टला कुठे मिळालं असतं?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच आम्ही स्ट्रॅटफर्डला उतरलो आणि आधी मेरीलँडच्या बाजूला गेलो. तिथे कार्ट अँड हॉर्सेस नावाचा पब आहे. १९७६ मध्ये मेडन तिथे नेमाने वाजवायचे, पब स्वतःला बँडचं जन्मस्थान म्हणवतो. आत-बाहेर काळे टी-शर्ट. पोर्तुगीज, पोलिश, स्पॅनिश, सगळ्या भाषा कानावर येत होत्या. एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन भिंतीवरची चित्रं दाखवत होता आणि एडीचं नाव विचारून घेत होता. एडी म्हणजे बँडचा तो सांगाड्यासारखा राक्षस, डेरेक रिग्ज या चित्रकाराने घडवलेला, प्रत्येक अल्बमवर असतो.

मी मात्र जागा बघत होतो. छत खाली, भिंती जवळ. अशा खोलीत ड्रम आणि दोन गिटार लावले की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्या काळात चांगले मॉनिटर, म्हणजे मंचावरच्यांना त्यांचाच आवाज ऐकवणारे स्पीकर, लहान बँडला परवडणारे नव्हते. अशा ठिकाणी वाजवून वाजवून ऐकायला शिकलेली माणसं पुढे स्टेडियममध्येही एकमेकांकडे बघून, एकमेकांना ऐकून वाजवतात. लंडनच्या मंचावर तीन गिटारवादक होते, डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ आणि जॅनिक गर्स. १९९९ पासून हे तिघे एकत्र आहेत. तीन गिटार म्हणजे गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. पण एकाची सुरावट चालू असताना दुसरे दोघे इतके मागे सरतात की नाटकात दुसऱ्याचं वाक्य चालू असताना शांत उभा राहणारा नट आठवावा.

त्या पबपासून स्टेडियमपर्यंत आम्ही चालत गेलो, बाकीचेही चालतच होते. मग संध्याकाळी मोठ्या पडद्यावर जुन्या ईस्ट एंडच्या, म्हणजे पूर्व लंडनच्या, गल्ल्या सरकायला लागल्या, तेव्हा आजूबाजूचे लोक बोट दाखवून एकमेकांना सांगत होते की हे तर आपण आत्ता पाहून आलो. पन्नाशीचा दौरा म्हणून १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी ठेवली होती. माझ्यासारख्या ऐंशीच्या दशकात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

एक सूचना. लवकर आत जा. आधी द रेव्हन एज आणि हेलस्टॉर्म वाजवून गेले. पहिल्या बँडमध्ये हॅरिसचा मुलगा जॉर्ज गिटार वाजवतो, आणि हेलस्टॉर्मच्या लिझी हेलचा आवाज ऐकायला तर मी वेगळं तिकीट काढीन.

इचलकरंजीहून: तुम्ही २००८ ला मुंबईतही होतात का? तेव्हाचा आणि आताचा फरक सांगा.

होतो. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी. त्या जगभराच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रमच मुंबईत होता. बँड, चमू आणि सामान एकाच बोइंग ७५७ मध्ये घालून ते निघाले आणि विमान चालवत होता डिकिन्सन स्वतः. तो व्यावसायिक वैमानिकही आहे. मुंबईहून पुढे ते ऑस्ट्रेलियात पर्थला गेले. ही हौस नव्हती. एवढ्या मोठ्या सामानाचं भाडं भरून वाटेतली शहरं घेणं एरवी परवडत नाही, म्हणून आपल्याकडे असे बँड येत नसत. सामान आणि माणसं एकाच विमानात आली म्हणून मुंबई शक्य झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, १७ मार्च २००७ ला, ते बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले होते. दिल्लीचा परिक्रमा हा बँड तिथे आधी वाजवला आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात जाऊन आला. २००९ च्या फेब्रुवारीत मेडन परत बंगळुरूला आले. त्यानंतर भारतात आजवर नाहीत.

फरक विचारलात तर पहिला श्रोत्यांचा. बीकेसीत जवळजवळ सगळे पंचविशीच्या आतले, शिलाँगपासून कोचीपर्यंतचे, आणि कुणालाच विश्वास बसत नव्हता की हे समोर खरंच उभे आहेत. पहिल्या स्वरापासून जो ओरडा झाला, त्यात मला अर्धं गाणं ऐकूच आलं नाही, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लंडनला तीन पिढ्या होत्या. लोक ऐकत होते, मग गात होते.

दुसरा फरक उजेडाचा. आपल्याकडे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम, पण फेब्रुवारीत सातला काळोख होतो, त्यामुळे प्रकाशयोजना पूर्ण दिसते. लंडनला जूनच्या अखेरीस सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. निम्मा कार्यक्रम चक्क उन्हात. सुरुवातीला मला ते खटकलं. पण उजेडात वादकांचे हात दिसतात, आणि मरे हसत हसत काय वाजवतो ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

पनवेलहून: रेकॉर्डिंग करू देतात का?

अडवत नाहीत. पण दौरा सुरू होण्याआधीच बँडचे व्यवस्थापक रॉड स्मॉलवुड यांनी फोन खिशात ठेवण्याची विनंती केली होती, आणि मी ती मनापासून पाळली. नाटकाला शेवटच्या रांगेत बसून समोर फोनचे चौकोन पेटलेले मी रोज बघतो. नटाला ते दिसतात. एखादा फोटो घ्या आणि ठेवून द्या.

वाईहून एक वाचक: मला इंग्रजी जेमतेम येतं. शब्द कळले नाहीत तर जायचं कशाला?

तुमच्यासारखे हजारो लोक तिथे होते. ब्राझील, चिली, पोलंड, जपान, या बँडचे सर्वात वेडे श्रोते बिगरइंग्रजी देशांत आहेत. आणि मेडनच्या गाण्यांत एक सोय आहे: लोक शब्दांइतकीच गिटारची सुरावट गातात. १९९२ च्या अल्बमचं शीर्षकगीत सुरू झालं की सगळं स्टेडियम गिटारचीच ओळ ओ-ओ करत म्हणतं. त्याला कुठली भाषा लागणार?

शब्द कळले तर मजा वाढते हे खरं. हा बँड इतिहास आणि साहित्यातून विषय घेतो. १९८४ च्या अल्बममधलं तेरा मिनिटांहून लांब गाणं कोलरिज या इंग्लिश कवीच्या समुद्रपक्ष्याला मारणाऱ्या खलाशाच्या दीर्घकवितेवर आहे. मधे सगळं थांबतं, फक्त बेस आणि जहाजाच्या लाकडाची करकर राहते. कवितेची गोष्ट आधी कुणाकडून मराठीत ऐकून ठेवा, तेवढं पुरेल. जायच्या आधी १९८२, १९८३ आणि १९८४ चे तीन अल्बम रोज ऐका. फोनवर नको, चांगल्या स्पीकरवर.

कराडहून: वडील त्रेसष्टचे आहेत, तरुणपणापासूनचे चाहते. गुडघे दुखतात. त्यांना नेऊ का?

न्याच. उभ्या जागेचं तिकीट घेऊ नका, बाजूच्या स्टँडमधलं बसायचं घ्या, शक्यतो खालच्या टप्प्यातलं आणि जिन्याजवळच्या कडेचं. स्ट्रॅटफर्ड स्टेशनपासून स्टेडियम चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. हळू चालणाऱ्यांनी तास आधी निघावं. पिशवी मोठी चालत नाही, साधारण ए-फोर कागदाएवढीच, तेव्हा औषधं आणि त्यांचा कागद छोट्या पिशवीत. रात्री हवा गार होते, एक स्वेटर ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर लगेच उठू नका. स्टेशनकडे जाणारी गर्दी पोलीस टप्प्याटप्प्याने सोडतात आणि त्या रांगेत बसायला जागा नसते. अर्धा तास खुर्चीतच बसा, त्यांना कुठलं गाणं सर्वात आवडलं ते विचारा, आणि स्टँड रिकामा झाला की जिन्याच्या कठड्याच्या बाजूने खाली आणा.